वेरूळ ते तंजावर : भोसले राजघराण्याची वंशपरंपरा आणि वंशजांचे आधुनिक जीवन

सारांश :
राजसत्ता संपुष्टात आल्यानंतर राजघराण्याच्या वंशजाकडे नेमके काय उरते, हा इतिहासाच्या अभ्यासातील काहीसा दुर्लक्षित प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील वेरूळ येथे मूळ असलेल्या व तमिळ प्रदेशात स्थिरावलेल्या तंजावरच्या भोसले घराण्याची वंशपरंपरा, इ. स. १८५५ मधील राज्यविलय आणि त्यानंतर वंशजांनी स्वीकारलेली विश्वस्ताची भूमिका यांचे विवेचन केले आहे. तुलनेसाठी जपानमधील होसोकावा या सरदार घराण्याचे उदाहरण घेतले असून, नांदेड व लातूर परिसरातील जुन्या घराण्यांच्या दप्तरांच्या जतनासंदर्भात काही निष्कर्ष मांडले आहेत.

बीजसंज्ञा : वंशावळ, दत्तकविधान, राज्यविलय, विश्वस्तभाव, मोडी दप्तर, तंजावरी मराठी.

प्रस्तावना :
राजघराण्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची लेखणी बहुधा राज्यविलयाच्या तारखेपाशी थांबते. शेवटचा राजा निवर्तला, तैनाती फौज आत आली, खजिन्याला कुलपे लागली आणि प्रकरण संपले, अशी या लेखनाची रीत आहे. परंतु घराणे तेथे संपत नाही. राजाची राणी, मुली, दत्तक पुत्र, भाऊबंद आणि त्यांची पुढील पिढी जगत राहते. त्यांना भाषा असते, घर असते, देवघर असते, कागदपत्रे असतात आणि आपण कोणाचे कोण याची स्मृती असते. या स्मृतीचे आधुनिक लोकशाही समाजात काय होते, हे पाहणे सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

मराठवाड्याच्या भूमीला हा प्रश्न नवा नाही. राष्ट्रकूट सम्राटांची राजधानी मान्यखेट येथे असताना त्यांच्या घराण्याने 'लट्टलूरपुरवराधीश्वर' हे बिरुद अभिमानाने मिरविले, आणि हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे बहुतेक विद्वान मानतात. सौंदत्तीच्या रट्ट घराण्यानेही याच नगराशी आपले नाते सांगितले. म्हणजे गाव सुटले, राज्य दूर देशी उभे राहिले, तरी मूळ ठिकाणाचे नाव वंशाच्या ओळखीत टिकून राहिले. हीच प्रक्रिया काही शतकांनंतर वेरूळच्या भोसले घराण्याच्या बाबतीत घडली. तिचे दक्षिणेकडील टोक तंजावर येथे आहे.

उद्दिष्टे :
१) तंजावरच्या भोसले घराण्याची वंशपरंपरा व तिची साधने यांचा परिचय करून देणे.
२) १८५५ नंतर घराण्याच्या वारशाचे स्वरूप कसे बदलले, हे स्पष्ट करणे.
३) जपानमधील समांतर उदाहरणाशी तुलना करणे.
४) मराठवाड्यातील घराण्यांच्या दप्तरांच्या संदर्भात या अभ्यासाची उपयुक्तता तपासणे.

वंशपरंपरेचा धागा :
वेरूळचे पाटील मालोजीराजे भोसले यांनी निजामशाहीच्या सेवेत मान्यता मिळविली. वेरूळ येथील त्यांची गढी व घृष्णेश्वराच्या मंदिराशी असलेला त्यांचा संबंध स्थानिक परंपरेत आजही सांगितला जातो. त्यांचे पुत्र शहाजीराजे निजामशाहीच्या अस्तानंतर, म्हणजे १६३६ नंतर, आदिलशाहीच्या सेवेत कर्नाटकात गेले आणि बंगळूर हे त्यांचे प्रमुख ठाणे बनले. १६६४ मध्ये होदिगेरे येथे त्यांचे निधन झाले. जिजाबाईंच्या पोटी जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी सह्याद्रीच्या आश्रयाने स्वराज्य उभारले. तर तुकाबाईंच्या पोटी जन्मलेले व्यंकोजी ऊर्फ एकोजी पित्याच्या कर्नाटकातील जहागिरीचे धनी झाले.

मदुरेच्या नायकाने १६७३ मध्ये तंजावर घेतले, तेव्हा तंजावरच्या नायक वारसाला गादीवर बसविण्यासाठी आदिलशाहीने व्यंकोजींना पाठविले. ती कामगिरी पार पडल्यानंतर १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावरचा ताबा स्वतःकडेच घेतला. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या प्रसंगी शिवाजी महाराज व व्यंकोजी यांची कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडी येथे भेट झाली. भेटीतील मुख्य विषय होता वडिलार्जित दौलतीच्या वाटणीचा. भेट निष्फळ ठरली, पुढे युद्धही झाले. शेवटी तह झाला आणि तो घडवून आणण्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांचा मोठा वाटा होता, असे परंपरा सांगते. ज्या घराण्याचा प्रारंभच वारसाहक्काच्या वादाने झाला, त्या घराण्याला पुढे पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा वारसाहक्काच्याच प्रश्नाला सामोरे जावे लागले, हे लक्षणीय आहे.

व्यंकोजींनंतर शहाजी (१६८४-१७१२), पहिले सरफोजी (१७१२-१७२८) व तुकोजी (१७२८-१७३६) हे बंधू क्रमाने गादीवर आले. पुढील काही वर्षांच्या अस्थिरतेनंतर प्रतापसिंह (१७३९-१७६३) आणि दुसरे तुळजाजी (१७६३-१७८७) यांनी राज्य केले. या राजांचे राज्य लहान असले तरी त्यांचा सांस्कृतिक आवाका मोठा होता. शहाजीराजांच्या नावावर असलेले 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे नाटक सतराव्या शतकाच्या अखेरचे मानले जाते. विष्णुदास भावे यांनी सांगली येथे १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' सादर केले, त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे तंजावरच्या दरबारात मराठी नाट्यलेखन होत होते, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांनी आता मान्य केलेली आहे.

दगडात कोरलेली वंशावळ :
वंशावळ सामान्यतः कागदावर, वहीत किंवा तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत सापडते. तंजावरच्या भोसले घराण्याने ती दगडात कोरली. दुसऱ्या सरफोजींच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीस यांनी तयार केलेले भोसले वंशाचे चरित्र १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर मराठीत कोरण्यात आले. जगातील अतिशय दीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या मंदिराच्या भिंतीवर वेरूळच्या पाटलांच्या घराण्याची मराठी कथा कोरलेली असावी, हा भारतीय इतिहासातील एक विलक्षण योग होय.

या लेखाकडे साधन म्हणून पाहताना मात्र सावधगिरी आवश्यक आहे. वंशावळ ही केवळ नोंद नसते; ती दावाही असते. लेखातील प्राचीन भाग पारंपरिक कथांवर आधारलेला आहे, तर मालोजी-शहाजींपासूनचा भाग अन्य साधनांशी ताडून पाहता येतो. शिवाय लेख कोरला गेला तो काळही विसरता येत नाही. १८०३ पर्यंत सरफोजींच्या हातून राज्यकारभार गेलेला होता. सत्ता हातची जात असताना वंशाची कथा सर्वांत टिकाऊ माध्यमात नोंदवून ठेवावी, ही प्रेरणा या लेखामागे असावी असे अनुमान करता येते. तसेच बहुतेक वंशावळींप्रमाणे येथेही पित्याकडून पुत्राकडे जाणारी रेषा ठळक आहे. दीपाबाईंसारख्या कर्तृत्ववान स्त्रिया या रेषेच्या कडेला उभ्या दिसतात.

दुसरे सरफोजी :
१७७७ मध्ये जन्मलेले दुसरे सरफोजी हे जन्माने भोसल्यांच्या भाऊबंद शाखेतील असून तुळजाजींनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले. म्हणजे घराण्याचा सर्वांत कीर्तिमान वंशज हा दत्तकविधानाने वंशज होता. वंश म्हणजे केवळ रक्त नव्हे, तर विधीने व समाजमान्यतेने स्वीकारलेले उत्तरदायित्व, ही हिंदू धर्मशास्त्राची भूमिका येथे स्पष्ट दिसते. तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांनी काही काळ गादी घेतली. जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली सरफोजींचे शिक्षण झाले आणि १७९८ मध्ये त्यांना गादी मिळाली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने त्यांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. त्यांच्याकडे किल्ला व लगतचा परिसर, वार्षिक एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा एक पंचमांश एवढेच उरले.

या मर्यादित साधनांतून सरफोजींनी ज्ञानाचे राज्य उभारले. राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी विलक्षण वाढ केली. १८०५ च्या सुमारास देवनागरी मुद्रणालय सुरू करून १८०६ मध्ये इसापनीतीचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापून घेतले. धन्वंतरी महालात औषधींचा अभ्यास व नेत्ररोगांवर उपचार होत असत. रुग्णांच्या डोळ्यांच्या चित्रांसह केलेल्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. १८२० ते १८२२ या काळातील काशीयात्रेतही त्यांनी हस्तलिखिते मिळविली. सांबार या पदार्थाचे नाव संभाजी महाराजांवरून पडले, अशी एक आख्यायिका तंजावरशी जोडली जाते. तिला समकालीन पुरावा नाही. मुद्रणालय व ग्रंथालय यांचा पुरावा मात्र आजही हाताळता येतो.

राज्यविलय आणि वारसाहक्काचा लढा :
सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी २९ ऑक्टोबर १८५५ रोजी निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता, मुली होत्या. मुलीला वारस मानावे ही सूचना कंपनी सरकारने मान्य केली नाही आणि राज्य खालसा झाले. राज्याबरोबर राजवाड्यातील खाजगी मालमत्ताही ताब्यात घेण्यात आली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी या जप्तीविरुद्ध मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली व तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. जप्ती ही सार्वभौम सत्तेची राजकीय कृती असल्याने तिची तपासणी कोणत्याही दिवाणी न्यायालयाला करता येणार नाही, हे तत्त्व या निकालाने दृढ झाले. घटनात्मक कायद्याच्या अभ्यासक्रमात हा खटला आजही शिकविला जातो. पुढे १८६२ मध्ये सरकारने खाजगी मालमत्ता राण्यांना परत केली. एका मराठी राणीने न्यायालयात हरलेला लढा अशा रीतीने अंशतः जिंकला. आणि घराण्याचे पुढील अस्तित्व याच परत मिळालेल्या मालमत्तेवर उभे राहिले.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर ही संस्थाने १९४७ पर्यंत टिकली. त्यांच्या अधिपतींना राज्यघटनेने तनखे दिले. १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने त्यांची मान्यता काढून घेण्यात आली, तेव्हा माधवराव शिंदे यांच्या नावाने गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविला. पुढे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे व मान्यता दोन्ही संपुष्टात आल्या. तंजावरच्या वंशजांना या प्रवासातून जावेच लागले नाही. त्यांचे राज्य शतकापूर्वीच गेलेले असल्याने तनख्याचा प्रश्न उद्भवला नाही. सामान्य नागरिक म्हणून जगण्याची सवय त्यांना इतर राजघराण्यांपेक्षा कितीतरी आधी लागली.

वारशाचे सार्वजनिकीकरण :
घराण्याच्या आधुनिक इतिहासातील निर्णायक घटना १९१८ ची होय. वंशजांनी सरस्वती महाल ग्रंथालय जनतेच्या स्वाधीन केले आणि ५ ऑक्टोबर १९१८ च्या शासकीय आदेशाने ते सार्वजनिक न्यास म्हणून प्रस्थापित झाले. कौटुंबिक मालमत्ता म्हणून ते भाऊबंदांत वाटले गेले असते, तर आज त्याचे अस्तित्व पुसले गेले असते. ग्रंथालयातील हस्तलिखितांचा बहुतांश भाग संस्कृत असून मराठी हस्तलिखितेही तीन हजारांहून अधिक आहेत. त्याखेरीज दरबारच्या मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर सटीप प्रसिद्ध केले आहे. मराठी सत्तेचा इतिहास तमिळ वाचकाला त्याच्या भाषेत उपलब्ध व्हावा, ही गोष्ट मराठी विद्यापीठांनी अनुकरण करण्याजोगी आहे.

आजचे वंशज :
भोसले घराण्याचे वंशज आजही तंजावर येथे वास्तव्य करून आहेत. राजवाड्याचा बराचसा भाग सार्वजनिक वापरात असून तेथे ग्रंथालय, कलादालन व संग्रहालये आहेत. घराण्याचे ज्येष्ठ वंशज बाबाजीराजे भोसले हे तंजावर राजवाडा देवस्थानाचे आनुवंशिक विश्वस्त आहेत. या देवस्थानाकडे ८८ मंदिरे असून त्यांत बृहदीश्वर मंदिराचाही समावेश होतो. त्याच मंदिराची वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखभालीखाली आहे, १९८७ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे आणि धार्मिक व्यवस्थापनावर तमिळनाडू शासनाच्या धर्मादाय खात्याचे नियंत्रण आहे. म्हणजे एकाच वास्तूवर वंश, राज्य शासन, केंद्र शासन आणि जागतिक संस्था यांचे संबंध गुंफलेले आहेत. वंशजाचा अधिकार येथे स्वामित्वाचा नाही. तो सेवेचा व उत्तरदायित्वाचा आहे.

५ फेब्रुवारी २०२० रोजी या मंदिराचा कुंभाभिषेक झाला, त्यापूर्वी विधी संस्कृतात व्हावेत की तमिळमध्ये, असा वाद न्यायालयात गेला होता. दोन्ही भाषांतील विधींना न्यायालयाने मान्यता दिली. ज्या मंदिराचे आनुवंशिक विश्वस्तपद मराठी मूळ असलेल्या घराण्याकडे आहे, तेथील वादात मराठी ही भाषा पक्षकार नव्हती, याची नोंद घ्यावी लागते. साडेतीन शतकांच्या सहवासाने हे घराणे तमिळ समाजाचा अविभाज्य घटक बनले आहे.

भाषेचे चित्रही असेच आहे. राजघराण्याबरोबर गेलेल्या देशस्थ व अन्य कुटुंबांनी घरात बोललेली मराठी आज 'तंजावरी मराठी' म्हणून ओळखली जाते. तीत जुनी मराठी रूपे टिकून आहेत आणि तमिळ शब्द सहजपणे मिसळले आहेत. त्रावणकोर व बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हे याच समाजातील होते. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही मराठी वृत्ते आजही त्याच नावांनी ओळखली जातात. तंजावरच्या कृष्ण भागवतारांनी मराठी कीर्तनपद्धती आत्मसात करून त्या परंपरेला आकार दिला. वारसा केवळ राजाच्या घरातच टिकतो असे नाही. तो समाजाच्या कंठातही टिकतो.

जपानमधील समांतर उदाहरण :
जपानमध्ये मेइजी काळात जुने दरबारी उमराव व दाइम्यो सरदार यांना एकत्र करून 'काझोकु' हा उमराववर्ग निर्माण करण्यात आला. १८८४ मध्ये त्याची पाच श्रेणींत रचना झाली. ३ मे १९४७ रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या चौदाव्या कलमाने हा वर्ग रद्द केला. भारतीय राज्यघटनेचे अठरावे कलमही किताब रद्द करते. दोन्ही देशांत वंशजाला वंश उरला, पदवी उरली नाही.

होसोकावा हे कुमामोतो प्रांताचे सरदार घराणे. होसोकावा फुजिताका (१५३४-१६१०) योद्धा व कवी म्हणून, तर त्यांचे पुत्र तादाओकी (१५६३-१६४६) चहाविधीचे जाणकार म्हणून प्रसिद्ध आहेत. १६३२ मध्ये कुमामोतो या घराण्याकडे आले. घराण्याचे अठरावे वंशज होसोकावा मोरिहिरो यांचा जन्म १९३८ चा. त्यांनी वृत्तपत्रात बातमीदारी केली, १९८३ ते १९९१ या काळात ते पूर्वजांच्याच कुमामोतो प्रांताचे लोकनियुक्त राज्यपाल होते आणि ऑगस्ट १९९३ ते एप्रिल १९९४ या काळात जपानचे पंतप्रधान. १९९८ मध्ये साठाव्या वर्षी राजकारण सोडून त्यांनी मातीची भांडी घडविण्याची कला स्वीकारली. २०१४ मध्ये अणुऊर्जाविरोधी भूमिका घेऊन त्यांनी टोकियोच्या राज्यपालपदाची निवडणूक लढविली, पण त्यांना यश आले नाही.

तथापि या घराण्याचे अधिक टिकाऊ कार्य निराळे आहे. मोरिहिरो यांचे आजोबा मोरितात्सु यांनी १९५० मध्ये टोकियो येथे 'एइसेइ बुन्को' ही संस्था स्थापून घराण्याचा कलासंग्रह व कागदपत्रे तिच्या स्वाधीन केली. घराण्याच्या कारभाराची हजारो कागदपत्रे कुमामोतो विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवण्यात आली असून २००९ पासून तेथे त्यांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. प्रांताच्या इतिहासाची साधने त्या प्रांतातील विद्यापीठातच अभ्यासली जातात, हे या व्यवस्थेचे मर्म होय. तंजावरचे ग्रंथालय व कुमामोतोचे दप्तर यांतील साम्य स्पष्ट आहे : दोन्ही ठिकाणी घराण्याने संग्रहाचे विभाजन टाळले, तो संस्थेकडे सोपविला आणि वंशाचे नाव ज्ञानाच्या उपयोगातून जिवंत राहिले.

नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात :
कंधार, औसा, उदगीर येथील किल्ले आणि गावोगावच्या गढ्या यांच्याभोवती देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी व जहागीरदार घराण्यांचे जाळे या परिसरात विणलेले होते. हैदराबाद राज्यात सालारजंगांच्या सुधारणांनी वतनदारांच्या हातून महसूलवसुली गेली व त्यांना रुसूम मिळू लागले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. गढ्या ढासळल्या आणि त्यांतील सनदा, महजर, वतनपत्रे, वंशावळी, फारसी-उर्दू फर्माने व मोडी जमाखर्च वाटणीच्या वेळी विखुरले. जमीन वाटता येते, घर वाटता येते; दप्तर वाटले की ते दप्तर राहत नाही.

या कागदांचे महत्त्व केवळ अभ्यासकापुरते नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा निजामकालीन मोडी व उर्दू अभिलेख वाचणाऱ्यांची निकड प्रकर्षाने जाणवली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य झाल्यानंतर वंशावळ हा शब्द सामान्य शेतकऱ्याच्या दैनंदिन व्यवहारात आला. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूविषयी मतभेद असू शकतात; परंतु कागद जपलेला असणे व तो वाचता येणे यावर आज अनेकांचे भवितव्य अवलंबून आहे, याविषयी मतभेद होऊ नये.

या दृष्टीने महाविद्यालयांतील इतिहास, मराठी, उर्दू व ग्रंथालयशास्त्र विभागांना एकत्र येऊन काम करता येईल. घराण्यांचा विश्वास संपादून दप्तरांची गावनिहाय सूची करणे, मूळ कागद घरीच ठेवून त्यांची छायाप्रत घेणे, मोडी व फारसी वाचनाचे वर्ग चालविणे आणि वाड्यातील वृद्ध स्त्रियांच्या मौखिक आठवणी नोंदविणे ही कामे मोठ्या अनुदानाशिवायही सुरू होऊ शकतात. १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात अशी सूची तयार झाल्यास ती पुढील संशोधनाचा पाया ठरेल. वंशावळी वतनाच्या तंट्यात दावा म्हणून तयार होत असत, त्यामुळे त्या अन्य साधनांशी ताडूनच स्वीकाराव्यात, हे पथ्य मात्र पाळावे लागेल.

निष्कर्ष :
१) तंजावरच्या भोसले घराण्याची परंपरा रक्तसंबंध, दत्तकविधान व समाजमान्यता या तिन्हींवर उभी आहे, केवळ रक्ताच्या निकषावर वंशपरंपरेचे आकलन होत नाही.
२) सत्ता गेल्यानंतर ज्या वंशजांनी स्वामित्व सोडून विश्वस्तभाव स्वीकारला, त्यांचा वारसा अधिक टिकला. १९१८ चे तंजावर व १९५० नंतरचे होसोकावा घराणे ही याची ठळक उदाहरणे होत.
३) वंशावळीच्या रेषेत न दिसणाऱ्या दीपाबाई व कामाक्षीबाई यांच्यासारख्या स्त्रियांनी निर्णायक क्षणी घराणे सावरले; वंशेतिहासाच्या लेखनात त्यांना योग्य स्थान द्यावयास हवे.
४) नांदेड व लातूर परिसरातील दप्तरांचे सर्वेक्षण ही विद्यापीठीय जबाबदारी मानली जावी.

समारोप :
वेरूळच्या पाटलाच्या घरातून निघालेला एक धागा तमिळ भूमीत जाऊन तेथील मंदिरात, ग्रंथालयात व कीर्तनात मिसळून गेला. आजच्या वंशजाकडे राज्य नाही. ८८ मंदिरांच्या विश्वस्तपदाची जबाबदारी आहे. पूर्वजांचा मोठेपणा सांगणे सोपे असते, त्यांचे कागद जपणे कठीण असते. मराठवाड्यातील अनेक माळवदाच्या घरांत अशी गाठोडी आजही वाळवीची वाट पाहत पडून आहेत. ती उघडण्याचे काम पुढच्या पिढीवर सोपविण्याइतका अवधी आता उरलेला नाही.